खपलीची खारी खीर

(दृश्य : पहाट. दिंडोरी तालुका, नाशिक जिल्हा. द्राक्षबागेवर धुकं. वेलींच्या ओळींमधून बॅटऱ्यांचे उजेड हलतायत.)

जानेवारीचा दुसरा आठवडा. अजून उजाडायचंय, पण बागेत माणसं कधीच कामाला लागलीत. कानाला मफलर, हातात कात्री, पायाशी क्रेट. घड कापायचा, हातात फिरवून बघायचा, खराब मणी काढून टाकायचे आणि घड हलकेच क्रेटमध्ये ठेवायचा. उन्हं चढायच्या आत माल वायनरीत पोचला पाहिजे. द्राक्ष तापलं की फुटलेल्या मण्यांचा रस क्रेटमध्येच आंबायला लागतो.

"खायच्या द्राक्षाला रूप लागतं," काका सांगतात. "याला नाही. याला फक्त साखर आणि आंबटपणा."

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. त्यांचा हा दीड एकर चेनिन ब्लाँचा, म्हणजे पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाचा. बागेत सगळे त्याला नुसतं 'चेनिन' म्हणतात, घरातल्या पोराला हाक मारावी तसं. पलीकडच्या तुकड्यात शिराज, लाल वाइनचं. पूर्वी वाइनची बाग याच्या दुप्पट होती. 2008-09 च्या मंदीत माल घेणारं कोणी उरलं नाही, तेव्हा काकांनी निम्मी बाग काढली आणि पुन्हा खायची द्राक्षं लावली. त्या वर्षाबद्दल ते कॅमेऱ्यासमोर बोलत नाहीत. कॅमेऱ्यामागेही फारसं बोलत नाहीत.

महाराष्ट्रात वाइन काही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली नाही. 1980 च्या दशकात नारायणगावला शाम चौगुले यांनी फेसाळती वाइन काढली. 1999 साली राजीव सामंत यांची सुला गंगापूर धरणाजवळ उभी राहिली, आणि मग नाशिकच्या आसपास वायनऱ्या वाढत गेल्या. म्हणजे माझ्या मावशीच्या लग्नात या तालुक्यात वाइन हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. आज तिच्या ओट्यावर, तेलाच्या किटलीशेजारी, एक बाटली असते. तिच्यावर मार्करने लिहिलंय : 'भाजीची'. पाहुण्यांनी हात लावू नये म्हणून.

(दृश्य : स्वयंपाकघर. खिडकीतून तिरपं ऊन. परातीत गहू.)

युरोपात द्राक्षाची तोड सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. आपल्याकडे वेल थंडीत पुरता झोपत नाही. म्हणून वर्षातून दोनदा छाटणी : एप्रिलमध्ये खरड छाटणी, पाऊस सरताना गोडी छाटणी. फळ धरायचं ते दुसरीचं, आणि ते पिकतं नेमकं थंडीत. ज्या दिवसांत हरभऱ्याच्या घाट्यांत सोलाणे भरतात, मटार स्वस्त होतो आणि घरात बाजरी दळून येते, त्याच दिवसांत. नाशिकची द्राक्षतोड आणि भोगीची भाजी एकाच पंधरवड्यातल्या. पण दोघींची ओळख नव्हती. ती मावशीने करून दिली, आणि तीही अपघातानेच.

चार वर्षांपूर्वी तिची मुलगी, म्हणजे आमची ताई, इटलीहून आली. बॅगेतून चीज निघालं, चॉकलेटं निघाली आणि कसल्याशा धान्याचं एक पाकीट निघालं. वर लिहिलं होतं 'फारो'. तिकडचे लोक हे वाइन घालून शिजवतात, ताई म्हणाली. मावशीने पाकीट फोडलं, चार दाणे तळहातावर घेतले, एक दाढेखाली धरला आणि हसायलाच लागली.

"अगं, ही तर आपली खपली!"

मावशीचं माहेर मिरजेजवळचं. माझ्या आईचंही तेच. त्या भागात खपली अजून पिकते. लांबट, लालसर दाणा. मळणी झाली तरी याचं टरफल सुटत नाही, दाण्याला खपलीसारखं चिकटून राहतं. ते निराळं कांडून काढावं लागतं. आमच्याकडे खपलीची खीरच व्हायची. कांडलेला गहू रात्रभर भिजवायचा, मऊ शिजवायचा, मग गूळ, ओलं खोबरं, जायफळ. सीमेपलीकडे तिलाच हुग्गी म्हणतात.

आणि खरोखरच, इटलीतल्या तोस्कानीच्या उत्तर भागात गार्फान्याना नावाची डोंगराळ पट्टी आहे, तिथलं फारो म्हणजे हाच गहू. जात एकच. तिथल्या फारोला 1996 पासून भौगोलिक मानांकन आहे. थंडीत तिथले लोक त्याचं वालासारख्या कडधान्याबरोबर दाट सूप करतात. नाहीतर कांद्यावर परतून, वाइन घालून, भातासारखा मऊसर शिजवतात. एकच दाणा, आमच्या आजोळी तो गुळात गेला आणि त्यांच्याकडे वाइनमध्ये.

(दृश्य : मावशी कुकरचं झाकण उघडते.)

पहिला प्रयोग फसला. मावशीने सगळं एकदमच कुकरला लावलं : खपली, भिजवलेले वाल, कांदा, वर अर्धी वाटी वाइन. सात शिट्ट्या झाल्या. झाकण काढलं तर वाल टणटणीत. अजून चार शिट्ट्या, तरी दाताखाली कचकच. काका काही बोलले नाहीत. त्यांनी ताटाच्या कडेला वालांची एक रांग लावून ठेवली.

मावशीच्या डोक्यात त्या रात्री उजेड पडला, तो मला फार आवडतो. "मी मूर्खच," ती म्हणाली. "आमटीत चिंच आपण कधी घालतो? डाळ शिजल्यावर. आधी घातली तर डाळ शिजते का?"

इतकं साधं. आंबटात कडधान्याची साल आणि गर मऊ व्हायचं नाव घेत नाहीत. हे आपल्या प्रत्येक घरात माहीत असतं, फक्त बाटलीवर परदेशी नाव दिसलं की विसरायला होतं. आणि इथे नुसतं साम्य नाही, सख्खं नातं आहे. द्राक्षातलं मुख्य आम्ल टार्टारिक. चिंचेतलंही तेच. लिंबाचं वेगळं, दह्याचं वेगळं. पण चिंच आणि द्राक्ष एकाच घरातली. मावशीला हे सांगितलं तेव्हा तिला जराही नवल वाटलं नाही. "म्हणूनच दोन्ही एकत्र घातलं की भाजी दातांना लागते," ती म्हणाली. तिने तेही करून पाहिलं होतं.

तेव्हापासून वाइन तिच्या स्वयंपाकात आंबटाच्या डब्यात जाऊन बसली. चिंच, आमसूल, दही, कैरी आणि ही. वाइनचा स्वयंपाक असं काही वेगळं प्रकरण उरलं नाही. आज आंबट काय घालायचं, एवढाच प्रश्न.

गोव्याकडे हे नातं फार आधी जुळलं होतं. विंदालू हे नाव ज्या पोर्तुगीज पदार्थावरून आलं, त्यात मांस वाइन आणि लसणीत मुरवत. गोव्यात वाइनच्या जागी माडीचं व्हिनेगर आलं, मिरची आली, आणि पदार्थ गोव्याचा झाला. मावशी त्याच वाटेने उलटी निघालीय म्हणायची.

(दृश्य : ओटा. जवळून हात.)

आता बघा ती काय करते.

एक वाटी खपली रात्री भिजत घातलेली. सकाळी तीन वाट्या पाण्यात, मीठ घालून, कुकरला चार शिट्ट्या. दाणा फुगला पाहिजे, फुटता कामा नये. उरलेलं पाणी टाकायचं नाही, त्यात खपलीची पेज उतरलेली असते. वालांना या वेळी वेगळा डबा.

जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात दोन चमचे तूप. बारीक चिरलेला कांदा, ठेचलेली लसूण, एक हिरवी मिरची उभी चिरून. कांदा लाल करायचा नाही, काचेसारखा झाला की पुरे. मग गाजर, मटार, सोलाणे, वरून शिजलेली खपली. हे सगळं तुपात परतलं जातं, दाण्यांना चकाकी येते. आणि मग बाटली. अर्धी वाटी चेनिन.

चर्रर्र आवाज येतो आणि मागोमाग एक झणका थेट नाकात जातो, डोळे चुरचुरतात. मावशी मान मागे घेते, पण पातेल्यावरून हटत नाही. ती थांबलीय वास बदलायची. तीन-चार मिनिटांत तो टोकदार वास बसतो आणि खाली पिकलेल्या फळासारखं काहीतरी उरतं. "आता पाणी," ती म्हणते. खपलीची ती राखून ठेवलेली पेज, पळीपळीने. वाल. मंद आच. मधूनमधून ढवळत वीस मिनिटं. शेवटी कांद्याची पात, भरडलेली मिरी आणि भाजलेले तीळ, कारण उद्या भोगी आहे.

चमच्यावर घेतलं की ते सावकाश पसरतं, खिरीसारखंच. काका त्याला खारी खीर म्हणतात. कौतुकाने की कुरकुरीने, ते मला पाच दिवसांच्या शूटिंगमध्ये कळलं नाही. दोनदा वाढून मात्र घेतात.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण खपलीबद्दल हल्ली मोबाइलवर काय काय फिरत असतं. ही चोथ्याची, पोटभरीची, चावून खायची गोष्ट आहे. पण आहे गहूच. ग्लुटेन त्यातही असतं, आणि मधुमेहाचं औषध ती नाही.

(दृश्य : चुलीवर तवा. बाजरीचं पीठ.)

रात्री पारा उतरतो. आकाशवाणीपासून टीव्हीपर्यंत सगळीकडे निफाडचं किमान तापमान सांगतात, ते इथून लांब नाही. फार गारठा पडला की खायच्या द्राक्षांच्या मण्यांना तडे जातात, म्हणून बागेबागेत शेकोट्या पेटतात. अशा रात्री इथे बाजरीच लागते.

बाजरी शंभर ग्रॅममध्ये साधारण 11 ग्रॅम प्रथिनं देते आणि 6 मिलीग्रॅमच्या वर लोह. शिवाय तिच्यात स्निग्धांश बराच, म्हणून तर पीठ आठवड्याभरातच कडवट होतं. मावशी एका वेळी दोन किलोच्या वर दळून आणत नाही. ती गरम पाण्यात पीठ मळते, तळव्याने रगडते, रगडतच राहते, कारण बाजरीला चिकटपणा नाही. जे काही धरून राहील ते या रगडण्यानेच. परातीत भाकरी थापली जाते, कडेला एक चीर पडते, ओल्या बोटाने ती मिटते. तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात. तीळ भाकरीच्या अंगाला चिकटून बसतात. उलटली, निखाऱ्याशी धरली, टम्म फुगली.

सोबत मटण. आणि इथे दुसऱ्या फजितीची गोष्ट.

लाल वाइनचं मटण करायचं म्हणून मावशीने लोखंडी कढई काढली. मटणाला लोखंडीच चांगली, हे आपलं सगळ्यांचं ठरलेलं. शिराज ओतली, काळा मसाला नेहमीच्या हाताने टाकला, झाकण ठेवलं. तासाभराने रस्सा काळानिळा, आणि जिभेवर गंजका खिळा ठेवल्यासारखी चव. लाल वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीचा तुरटपणा असतो. लोखंडाशी तो मिसळला की काळा रंग तयार होतो. पूर्वी याच मेळातून लिहायची शाई करत. अर्धा किलो मटणाची शाई झाली, असं काका अजून सांगतात.

आता स्टीलचं पातेलं. मटण आलं-लसूण, हळद, मीठ आणि वाटीभर शिराजमध्ये दोन तास मुरतं. कांदा चांगला तांबूस परतायचा, कारण वाइनच्या तुरटपणाला त्याचा गोडवा लागतो. काळा मसाला एकच चमचा. वाइन आटून दुप्पट तुरट होते, मसाल्यातलं दगडफूल त्यात भर घालतं, म्हणून मसाल्यानेच माघार घ्यायची. मग दोन तास मंद आचेवर, कुकर नाही. खोबऱ्याचं वाटण आहे, पण थोडं आणि अगदी शेवटी.

माझं मत विचाराल तर हे मटण चांगलं होतं, पण मावशीच्या नेहमीच्या रश्श्यापुढे जात नाही. खारी खीर मात्र जाते. लाल वाइनला आपल्या मसाल्यांशी भांडावं लागतं. पांढरी गुपचूप मिसळून जाते.

हुरड्यात वाइन घालून बघू का, असं मी एकदा विचारलं होतं. नगरहून पाहुण्यांनी गूळभेंडीची कणसं आणली होती, आगटी पेटली होती. मावशीने माझ्याकडे बघितलं आणि तळहातावर चोळलेला गरम हुरडा माझ्या तोंडात कोंबला. विषय संपला.

(दृश्य : जेवणघर. दोन पातेली शेजारी शेजारी.)

ओट्यावर खिरीची दोन पातेली आहेत. एक मोठं, एक छोटं. छोटं आजींचं, म्हणजे मावशीच्या सासूबाईंचं. गळ्यात तुळशीची माळ, दर आषाढीला पंढरपूर. सुरुवातीला ताई म्हणाली होती, "आजी, शिजवल्यावर दारू उडून जाते हो, काही राहत नाही." तसं नसतं. पंधरा मिनिटं उकळल्यावरही सुमारे 40 टक्के अल्कोहोल पदार्थात राहतं, तासाभराने 25 टक्के, अडीच तास शिजवलं तरी 5 टक्के. अर्ध्या वाटीत मुळात असते ती थोडीच, आणि ती चौघांत वाटली जाते. पण आजींचा प्रश्न थोडी की फार असा नाहीच. लहान मुलांच्या ताटातही मावशी मोठ्या पातेल्यातलं वाढत नाही.

छोट्या पातेल्यात सगळं तेच आहे. तीच खपली, तेच सोलाणे, तीच कांद्याची पात. वाइनच्या जागी दोन चमचे चिंचेचा कोळ आणि सुपारीएवढा गूळ. मी दोन्ही चाखून पाहिली. मोठ्यातल्या खिरीला वास जास्त. छोट्यातली जरा भारदस्त, आमटीच्या घरातली. दुसऱ्या दिवशी सकाळी गार खायला तर छोट्यातलीच बरी.

पानं मांडली आहेत. भाकऱ्यांची चळत फडक्यात. काकांना उद्या पुन्हा चारला उठायचंय, ते आधीच बसलेत. मावशी मोठ्या पातेल्यातून त्यांना वाढते, तोच चमचा हातात घेऊन छोट्या पातेल्याकडे वळते, आणि भिंतीला टेकून बसलेल्या आजी, डोळे न उघडता, म्हणतात :

"चमचा बदल गं."