पन्हाळ्याच्या चढावरची मिसिंग

कोल्हापूरच्या उद्यमनगरातील या गॅरेजमध्ये आज दोन गाड्या उभ्या आहेत. एक साडेतीनशे सीसीची, जुन्या कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट आणि दुसरी म्हैसूरच्या, 1996 साली बंद पडलेल्या कारखान्यातून आलेली टू-स्ट्रोक येझदी. दोन्ही मालकांची तक्रार एकच आहे: गाडी मिसिंग मारते. ठिणगी पडायची त्या क्षणी पडत नाही, किंवा पडूनही सिलिंडरमधील हवा-पेट्रोलचे मिश्रण पेट घेत नाही, आणि इंजिनाच्या ठोक्यांमध्ये एखादा ठोका गळतो.

मालकाचा पहिला संशय बहुधा हे मिश्रण तयार करणाऱ्या कार्ब्युरेटरवर जातो, कारण तो समोर दिसतो आणि सहज सुटतो. आमच्या मते तपासाची याहून वाईट सुरुवात नाही. जेट बदलून आणि एअर स्क्रू फिरवून झाल्यावर मूळ दोष कोणत्या परिस्थितीत दिसत होता, याची खूणच पुसली जाते. इथले मिस्त्री पान्याला हात लावण्यापूर्वी विचारतात, "पन्हाळा चढताना मारतीया, का सपाटीला बी?"

या प्रश्नामागे पक्के कारण आहे. चढावर थ्रॉटल अधिक उघडलेला असतो, सिलिंडरमध्ये मिश्रण अधिक भरते आणि त्याचा दाब वाढतो. जितका दाब अधिक, तितके प्लगच्या फटीतून ठिणगी उडवण्यासाठी लागणारे व्होल्टेजही अधिक. त्यामुळे प्लग काढून हेडला टेकवल्यावर मोकळ्या हवेत दिसणारी ठिणगी इंजिनाच्या आत, ऐन चढावर, पडेलच असे नाही. म्हणून मिस्त्री पेट्रोल दूर ठेवून, इन्सुलेटेड पकडीने प्लगची वायर इंजिनापासून 5-6 मिलिमीटरवर धरतात आणि किक मारल्यावर ठिणगी तेवढे अंतर ओलांडते का, हे पाहतात.

ती ओलांडत नसेल, तर पुढची जागा पॉइंटची, म्हणजे ठिणगीसाठीचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांची. बुलेटच्या या इंजिनात पॉइंट पूर्ण उघडल्यावर त्यांतील फट 0.35 ते 0.40 मिलिमीटर असावी लागते आणि ती फीलर गेजनेच, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनीच मोजावी, नजरेच्या अंदाजाने नव्हे. इंजिन चालू असताना पॉइंटवर लखलखीत निळी ठिणगी सतत दिसत असेल, किंवा एका पृष्ठभागावर खड्डा आणि दुसऱ्यावर उंचवटा तयार झाला असेल, तर संशय पॉइंटवरील ठिणगी शोषणाऱ्या कंडेन्सरवर घ्यावा. जुन्याची वायर सोडून खात्रीचा कंडेन्सर बाहेरून तात्पुरता जोडला की निकाल लगेच कळतो; मात्र दुकानातून नवा आणला म्हणजे तो चांगलाच आहे, असे गृहीत धरू नये. बुलेटवाल्यांना करंट दाखवणाऱ्या अँपियर मीटरचाही उपयोग होतो. चावी लावून किक हळूहळू दाबली, की पॉइंट मिटल्यावर काटा उणे बाजूला झुकतो आणि उघडल्यावर मध्यावर येतो. तो हललाच नाही, तर दोष पॉइंटमध्येच किंवा त्यांच्या अलीकडे, म्हणजे स्विचमध्ये, वायरीत किंवा व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलच्या जोडणीत आहे.

गाडी पंधरा-वीस मिनिटे उत्तम चालते, मग मिसिंग मारत बंद पडते आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते, ही तक्रार सर्वांत फसवी आहे. उष्णतेने कॉइलच्या आतील तार किंवा कंडेन्सर दगा देत असेल, तर असेच घडते. पण टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजले असेल, तरीही अगदी असेच घडते, कारण टाकीत पोकळी तयार होऊन पेट्रोल खाली उतरेनासे होते. गाडी बंद पडताच झाकण उघडावे. हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर कॉइलवर पैसे घालवण्याचे कारण नाही. पावसाळ्यात तडकलेल्या प्लग कॅपमधून करंट बाहेर पळतो. अंधारात इंजिन चालू ठेवले, तर तो निळसर चमकताना दिसतो.

येझदीचे प्रकरण थोडे वेगळे आहे. टू-स्ट्रोक इंजिन हलक्या थ्रॉटलवर एक फेरी सोडून एक पेटत असेल आणि चढाला लागताच सुरळीत होत असेल, तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. उलट, थ्रॉटल सोडल्यावरही इंजिनाचा वेग खाली येत नसेल, तर क्रँकच्या ऑइल सीलमधून हवा आत येत असावी. बुलेटच्या पुशरॉडची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची तपासणी मात्र दोन मिनिटांची आहे: इंजिन गार असताना ते बोटांनी मोकळे फिरावेत, पण वरखाली हलू नयेत.

आता पेट्रोलकडे वळू. या जिल्ह्यातील साखर कारखाने मळीपासून जे इथेनॉल तयार करतात, ते पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. इथेनॉल पाणी ओढून घेते. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीत पाण्याचे प्रमाण वाढले, की पाणी आणि इथेनॉल यांचा थर पेट्रोलपासून वेगळा होऊन तळाशी बसतो आणि कॉक उघडताच तोच आधी कार्ब्युरेटरमध्ये उतरतो. कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीतील, म्हणजे फ्लोट चेंबरमधील पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवले, तर हा थर डोळ्यांना दिसतो. कार्ब्युरेटर उघडण्याची वेळ येते ती इथे.

दुरुस्ती झाली, की बुलेट पन्हाळ्याच्या रस्त्याला लागते. चढावर थ्रॉटल धरून ठेवायचा, वाहतूक पाहून इग्निशन बंद करायचे, त्याच क्षणी क्लच दाबायचा आणि कडेला थांबून प्लग काढायचा. स्लोवर गाडी चालवत गॅरेजपर्यंत आणल्यावर काढलेला प्लग चढावरची हकीकत सांगत नाही. त्याचा रंग फिकट तपकिरी असेल, तर मिश्रण योग्य आहे. पांढराफटक असेल, तर हवा जास्त आहे. आणि पेट्रोलने ओला असेल, तर ठिणगीचा तपास पुन्हा पॉइंटपासून सुरू होतो.