तहकूब सभेचं गाव

मंडळी, एका ग्रामसभेपासून सुरुवात करतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण इथल्या निम्म्या लोकांना ते आपलंच वाटेल.

सभा सकाळी दहाची. साडेदहाला हजर कोण, तर सरपंच, ग्रामसेवक, शिपाई, मी आणि मारुतीच्या पारावरचे नेहमीचे चौघे. कायद्यानं एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांपैकी जी संख्या कमी तेवढी हवीत. नसली तर सभा तहकूब. आणि गंमत अशी, की तहकूब सभेला कोरमची अट नाही! पहिली सभा पडू द्यायची, दुसरी पाचजणांत उरकायची, हे गणित गावोगाव पाठ आहे. त्या दिवशी तेवढीही कळ काढली नाही. शिपाई रजिस्टर बगलेत मारून घरोघर निघाला, मीही मागोमाग गेलो. एक मावशी भाकरी थापत होत्या. पिठाचा हात पदराला पुसून त्यांनी सही केली. विचारलं, "मावशी, कशावर केलीत सही?" म्हणाल्या, "घरकुलाचं असंल काहीतरी." विषयपत्रिकेत घरकुल नव्हतंच.

आपल्याकडे लोकसहभाग म्हटलं की श्रमदान आठवतं, नाहीतर लोकवर्गणी. घाम लोकांचा, पैसा लोकांचा, ठरवणार मात्र दुसरंच कुणीतरी. याला सहभाग म्हणायला माझी तयारी नाही.

मेंढा (लेखा) तुम्ही ऐकलं असेल. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं शंभरेक घरांचं गोंडांचं गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा. ती भाषणात टाळ्या घेते, मीही घेतल्यात! पण घोषणेच्या मागची बैठक पाहायला हवी. तिथं अभ्यासगट बसतो. त्याला निर्णयाचा अधिकारच नाही. एखादा कायदा किंवा प्रश्न घ्यायचा, बाहेरच्या जाणकारालाही बसवायचं, भरपूर घोळवायचं, आणि कळलेलं ग्रामसभेपुढे ठेवायचं. ग्रामसभेत मतदान नाही. सगळ्यांची सहमती होईपर्यंत विषय थांबतो. मला आधी हा हट्टीपणा वाटायचा, एकट्यानं अडवलं तर काय? पण मतदानात हरलेली आळी पुढे बांधावर कुदळ घेऊन येत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तीन हजार मतदारांच्या गावात हे जसंच्या तसं चालणार नाही, हेही खरं. तिथं वस्तीपासून सुरुवात करावी लागेल. अनुसूचित, म्हणजे आदिवासी क्षेत्रासाठीच्या १९९६च्या पेसा कायद्यात पाड्या-वस्तीच्या ग्रामसभेला जागा आहेच.

या बैठकीचं मोल बांबूच्या वेळी कळलं. वनहक्क कायदा २००६चा. २००९मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कायद्यात बांबू गौण वनोपज, म्हणजे लाकडात न धरलेली जंगलाची उपज, म्हणून गावाचा. पण वाहतुकीचा परवाना, ज्याला सगळे टीपी म्हणतात, तो वनखातं देईना. तोडा खुशाल, पण बाहेर नेता येणार नाही! तेव्हा कायद्यातली व्याख्या गावाला वाचता येत होती, म्हणून गाव अडून बसू शकलं. एप्रिल २०११मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. दिसायला पावतीपुस्तक, पण जंगलाची किल्लीच ती.

नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार पाण्याच्या कामासाठी गाजलेलं, तिथं आपल्या सहली जातात. झाडं बघतात, बंधाऱ्यावर फोटो काढतात. पोपटराव पवार १९८९मध्ये सरपंच झाले, हे सगळ्यांना ठाऊक. पण शेतीला बोअर घ्यायचं नाही, पावसाच्या हिशेबानं पिकं ठरवायची, हे गावानं स्वतःवर घालून घेतलेलं बंधन आहे. ज्याला बोअर घ्यायचाच होता त्याची समजूत कशी काढली, हे सहलीतला एकही माणूस विचारत नाही. मला तर तेवढंच विचारावंसं वाटतं.

परवा त्या पहिल्या गावात पुन्हा गेलो होतो. महिलांची सभा होती. मावशी आल्या होत्या. रजिस्टर पुढे आलं, तेव्हा त्यांनी सही केली आणि म्हणाल्या, "भाऊसाहेब, दहाला आम्ही निंदायला असतो. सभा रात्री जेवणं झाल्यावर घ्या की." ग्रामसेवक राहतात तालुक्याला. रात्री घाटातून मोटारसायकल घालायची कशी, हा त्यांचाही प्रश्न खोटा नाही. त्यावर तासभर बोलणं झालं. बायका बोलत होत्या, ते ऐकत होते. तोड अजून निघालेली नाही.