मटणाला वास येतोय, आणि तो फक्त मलाच येतोय!

(ओट्यासमोर उभी. पुढ्यात झाकलेलं पातेलं.)

रविवारी सकाळी आमच्या घरात ठरलेलं नाटक असतं. पप्पा मटण घेऊन येतात, मी पिशवी उघडते आणि माझं तोंड वाकडं होतं. "वास मारतोय." पप्पा म्हणणार, "डोळ्यासमोर कापून घेतलंय." आई हुंगून बघणार, "मला तर काय येईना." आणि आतनं आज्जी, "तिला पाण्याचाबी वास येतोय!"

मटणाच्या दरासाठी आंदोलन करणारं गाव आपलं कोल्हापूर. 2019 च्या शेवटी केवढा गोंधळ झालेला, आठवतंय ना? असल्या गावात मटणाला नाक मुरडणारी पोरगी म्हणजे घराण्याला बट्टाच. म्हणून म्हटलं, एकदा शोधूनच काढू की पप्पा खरे की माझं नाक खरं.

तर, दोघंही खरे.

पहिली गोष्ट बोकडाची. बांधलेल्या बोकडाजवळनं तुम्ही कधी गेला असाल तर तो उग्र दर्प ठाऊक असेल. त्यातला मुख्य पदार्थ म्हणजे 4-इथिलऑक्टॅनॉइक ॲसिड. नाव सोडा, लक्षात एवढंच ठेवा की हे ॲसिड आहे आणि ते चरबीत मुरतं. अगदी इवलंसं असलं तरी माणसाच्या नाकाला कळतं. 2014 साली जपानी शास्त्रज्ञांनी चक्क बोकडांच्या डोक्याला टोप्या घातल्या! खरंच, खास शिवून घेतलेल्या टोप्या. डोक्यावरच्या केसांतून काय उडतं ते त्यांना पकडायचं होतं. त्यात सापडलेल्या एका द्रव्याचा वास नुसता घेतला तरी शेळीच्या मेंदूतली माजावर येण्याची यंत्रणा जागी होते. तेच द्रव्य हवेत राहिलं की आपलं हे वासाचं ॲसिड बनतं. खच्ची केलेल्या बोकडात ते द्रव्य सापडलं नाही.

म्हणजे काय, तर मोठ्या, न खच्ची केलेल्या बोकडाचं मटण पाच मिनिटांपूर्वी कापलेलं असलं तरी वास मारू शकतं. पप्पांचं ताजं आणि माझा वास, दोन्ही एकाच पिशवीत.

मग आईला का येत नाही? आपल्या नाकात वास ओळखणारे साधारण 400 प्रकारचे रिसेप्टर असतात, आणि ते प्रत्येकात थोडेफार वेगळे निघतात. याचं गाजलेलं उदाहरण डुकराच्या मांसाचं आहे. नर डुकरात अँड्रोस्टेनोन नावाचं द्रव्य असतं. ते काहींना मुताच्या वासासारखं लागतं, काहींना चक्क गोडसर व्हॅनिलासारखं, आणि काहींना त्याचा वासच येत नाही. 2007 मध्ये कळलं की यातला बराचसा फरक एका जनुकामुळे पडतो. त्यामुळे पुढच्या वेळी कुणी "तुझी नाटकं" म्हणालं तर सांगा, जनुकं तुमच्याकडनंच आलीत.

आणि पप्पा? ते दुकानात पंधरा मिनिटं उभे असतात. एवढ्या वेळात नाक त्या वासाला सरावतं. खाटकाला विचारून तर काहीच उपयोग नाही.

बोटांना येणारा तो लोखंडासारखा वास बहुतेकांना रक्ताचा वाटतो. लोखंडाला स्वतःचा वास नसतो. लोह आपल्या कातडीवरच्या तेलाला भिडलं की तो तयार होतो. म्हणजे निम्मा वास तुमच्या हाताचाच!

आता लिंबाचं. माशाला लिंबू, कोकम, चिंच लावली की वास मरतो, कारण समुद्राच्या माशाचा वास क्षाराच्या, म्हणजे ॲसिडच्या उलट जातीचा आणि लिंबू आंबट. बोकडाचा वास मुळातच ॲसिडचा. त्यावर लिंबू पिळून काय होणार? इथं सुरीच चालते, चरबी काढून टाकायची. मी पांढऱ्या तुकड्यांवर निर्दयपणे सुरी चालवते, आणि चवीचा सत्यानाश केला म्हणून पप्पांचा ओरडा खाते. आलं, लसूण, हळद वास झाकतात, घालवत नाहीत.

व्हॅक्यूम पॅकचं थोडक्यात. पाकीट फोडल्या फोडल्या आंबूस, कोंदट भपका येतो. अर्धा तास उघडं ठेवा, पण फ्रिजमध्ये. गेला तर ठीक, राहिला तर टाकून द्या.

(जरा पुढे येत) आता हे नीट ऐका. खराब मटणाचा वास वेगळा असतो. मराठीत त्याला शब्द आहेत, आंबूस, कुजकट, चरबी जुनी झाली की खवट. जंतू आधी मांसातली साखर संपवतात, मग प्रथिनांवर येतात, आणि तेव्हा घाण सुटते. एका चौरस सेंटीमीटरवर साधारण एक कोटी जंतू झाले की आपल्या नाकाला पत्ता लागतो. त्यानंतर बुळबुळीतपणा. जनावर लांबून गाडीत उभं राहून, दमून आलेलं असेल तर त्याचं मटण काळपट, चिकटसर दिसतं आणि लवकर खराब होतं. अंगातली साखर वाटेतच संपलेली असते, त्यामुळे कापल्यावर मांसात हवं तेवढं आम्ल तयार होत नाही.

पण साल्मोनेलासारख्या जंतूंना वास नसतो! त्यामुळे आखाडात टेंबलाईला नैवेद्य घेऊन जाताना कच्चं मटण डिकीत चार तास फिरलं, आणि तिथं "वास नाही, चालतंय" म्हणून चुलीवर चढवलं, तर माझं नाकसुद्धा तुम्हाला वाचवणार नाही. दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नका. आणि मटण नळाखाली खळाखळा धुऊन जंतू जात नाहीत, ते ओट्यावर उडतात.

एक शेवटचं. कालपर्यंत आवडणारा कांदा, कॉफी, मटण अचानक सगळंच कुजल्यासारखं लागायला लागलं, तर दोष मटणाचा नाही. कोविडनंतर बऱ्याच जणांना हे झालं. नाक-कान-घसा डॉक्टरांना दाखवा. दिवस गेलेल्या बाईलाही मटणाचा वास नकोसा होतो, तिला आग्रह करू नका.

(झाकण काढून हुंगते.) आजचं? वास आहे. बोकडाचा आहे. चरबी काढलीय, खोबरं भाजायला घेते. पप्पा केव्हाचे दारात उभे आहेत, निकालाची वाट बघत.