काजूची बी आणि थांबायची ताकद

नमस्कार, श्रोतेहो.

मार्चमधली दुपार. वेंगुर्ला तालुक्यातल्या एका तिठ्यावरचं दुकान. एक मावशी रिक्षातून काजू बीच्या दोन गोणी उतरवते. दुकानदार गोणीत कोपरापर्यंत हात घालतो, तळातली मूठभर बी वर काढतो, तळव्यावर खुळखुळवतो. एक बी अडकित्त्यानं फोडून आतला गर बघतो. "ओलसर हा," म्हणतो आणि किलोमागं पाच रुपये कमी सांगतो. मावशी गोणीकडे बघत राहते. मग म्हणते, "घे बाबा. परत न्हेवचां म्हटल्यार रिक्षेचां भाडां कोण देतलो?"

मी त्या दुकानात उभी होते. गेली अठरा वर्षं मी आपल्याकडच्या छोट्या काजू कारखान्यांचे हिशेब लिहिते, त्यामुळे ती बी पुढे कुठे जाते आणि तिचा पैसा कुठे थांबतो, हे मला वह्यांमधून दिसतं. त्या दुकानदाराला मी दोष देणार नाही. तोही वरच्या व्यापाऱ्याच्या पैशावर खरेदी करतो आणि संध्याकाळी त्याला माल पोचवायचा असतो. मावशीची अडचण एवढीच, की तिला थांबता येत नाही. कोकणातल्या धंद्याचं मूळ दुखणं मला इथेच दिसतं.

माल आपल्याकडे कमी नाही. १९९० पासून रोजगार हमीतून फळबागा लागल्या आणि बोडके वरकस डोंगर काजू-आंब्यानं झाकले गेले. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानं वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ सारख्या टपोऱ्या बीच्या जाती दिल्या. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. पुढे वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकनही मिळालं. झाडं आली, जात आली, गाडी आली, नावही झालं. तरी बी मार्च ते मे या तीन महिन्यांत मिळेल त्या भावाला दाराबाहेर जाते.

आता कारखान्याची बाजू ऐका. गावातला छोटा कारखाना, दिवसाला १०० किलो बी फोडणारा. वर्षाचे ३०० दिवस चालवायचा तर ३० टन बी लागते. भाव किलोला १२० रुपये धरू. म्हणजे ३६ लाख रुपये झाले, आणि ते तीन महिन्यांत उभे करायचे, कारण आपली बी नंतर मिळत नाही. मालकाकडे १२ लाख असले तर तो १० टन घेतो. १०० दिवसांत ती संपते. मग बॉयलर थंड, गर वाळवायची भट्टी म्हणजे बोरमा बंद, आणि सोलायला येणाऱ्या बायका घरी. जास्त चटका मला या शेवटच्या ओळीचा लागतो. १०० दिवसांची मजुरी आणि ३०० दिवसांची मजुरी, यात मुलीचं कॉलेज चालू राहणं किंवा सुटणं असतं. ज्यांना जमतं ते पावसाळ्यात व्यापाऱ्याकडून आफ्रिकेतून आलेली बी घेऊन कारखाना चालवतात. आपल्या डोंगरावरची बी तोवर घाट चढून किंवा गोव्याची हद्द ओलांडून गेलेली असते.

सरकारी योजना आहेत, त्या मी नाकारत नाही. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत यंत्रांना ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत त्यातून यंत्रं आली आणि चांगली चालली. बचत गटातल्या बाईला त्याच योजनेत ४० हजारांचं बीज भांडवल मिळतं. पण १२० च्या भावानं ४० हजारांत किती बी येते? सव्वातीनशे किलोच्या आसपास. आपल्या कारखान्याचं तीन दिवसांचं काम. यंत्रावर पैसा मिळतो, यंत्रात घालायच्या मालावर पुरेसा मिळत नाही.

बँकेत जावं तर सातबारा पुढे येतो. हे कोकणाबाहेरच्या माणसाला समजावणं कठीण आहे. एका उताऱ्यावर बावीस नावं. त्यातली काही मुंबईत, एक बडोद्याला, दोघं वारलेले आणि त्यांच्या वारसांची नोंद झालेली नाही. जमीन कसतो एक भाऊ, कर्जाला सही हवी सगळ्यांची. गणपतीला चाकरमानी गावात येतात तेव्हा संमतीपत्रावर सह्या घ्यायच्या ठरतात. आरत्या होतात, भजनं होतात, जुन्या बांधाचा विषय निघतो आणि सह्या राहतात. वारस नोंद आणि वाटप ही आपल्या घरची कामं आहेत. ती होत नाहीत तोवर बँकेला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

मच्छीमार बांधवांची गत वेगळी नाही. डिझेलला, जाळ्याला व्यापाऱ्याची उचल घेतली की मासळी त्यालाच द्यायची. आणि मासळी तर दोन दिवसही थांबत नाही. बर्फ नाही तर भाव नाही.

बीला मात्र थांबवता येतं. म्हणून माझा सगळा भर बीवर आहे. राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना बाजार समित्यांमार्फत चालते. ठरलेल्या पिकांत काजू बी आहे. माल गोदामात ठेवायचा आणि त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम उचलायची, सहा महिन्यांसाठी, वर्षाला ६ टक्के व्याजानं. गहाण पडतो तो माल, जमीन नव्हे. बावीस नावांच्या उताऱ्यावर अडकलेल्या माणसासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे! किलोमागं किती उचल द्यायची याला मर्यादा असते, ती समितीत विचारून घ्या.

अट एकच, बी कडक वाळलेली हवी. झाडावरून गळलेली बी गोळा करून बोंडूपासून, म्हणजे काजूच्या फळापासून, वेगळी केली की खळ्यात दोन-तीन कडक उन्हं द्यायची. दातानं चावून बघू नका, टरफलाच्या तेलानं ओठ सोलवटतो. हातात खुळखुळ वाजली आणि नखानं दाबली जात नसेल तर वाळली समजायचं. ओली बी गोणीत भरली की जूनच्या दमट हवेत गर काळा पडतो आणि मग सहा महिने थांबूनही हाती काही येत नाही. गोणी जमिनीला टेकवायच्या नाहीत, खाली फळ्या हव्यात, भिंतीपासून हातभर अंतर हवं.

त्या मावशीच्या वाडीपासून बाजार समितीचं गोदाम लांब आहे, रिक्षाचं भाडं पुन्हा आडवं येतं. पण तिच्या गावात विकास सोसायटीचं गोदाम आहे. भात खरेदी आटोपली की ते मोकळं पडतं. दाराला कुलूप असतं आणि किल्ली चेअरमनांच्या घरी खुंटीला टांगलेली असते. माझं म्हणणं एवढंच, की फेब्रुवारीच्या मासिक सभेत हा एक विषय घ्या. गोदामाचे पत्रे तपासा, फळ्या टाका, तारण योजनेचं बोलायला बाजार समितीच्या सचिवांना गावात बोलावून घ्या. शंभर गोणी जरी पहिल्या वर्षी आत राहिल्या आणि कारखान्यानं त्या लागतील तशा विकत घेतल्या, तरी ऑगस्टमध्ये गावातल्या कारखान्याचा बोरमा पेटलेला असेल आणि बी आपलीच असेल.

नमस्कार.