'तोने': आरमाराच्या डोळ्यांची कहाणी

श्रोतेहो, नमस्कार.

युद्धनौकेचे चित्र काढा असे कोणाही मुलाला सांगितले, तर तो मधोमध मनोरा काढील, पुढे दोन तोफा काढील आणि मागे दोन. त्याचे काही चुकणार नाही, कारण पहिल्या महायुद्धापासूनच्या बहुतेक मोठ्या युद्धनौकांची ठेवण तशीच आहे. आज मी आपल्याला ज्या नौकेविषयी सांगणार आहे, तिचे चित्र मात्र या मुलाला वेगळे काढावे लागेल. जपानी आरमारातील 'तोने' या हेवी क्रूझरच्या, म्हणजे आठ इंची तोफांच्या वेगवान युद्धनौकेच्या, आठही मोठ्या तोफा मनोऱ्याच्या पुढे होत्या. मागच्या अर्ध्या भागात तोफबुरूज नव्हताच. तिथे लांबच लांब मोकळा डेक होता आणि त्या डेकवर, लोहमार्गासारख्या रुळांवर, पाण्यावर उतरू शकणारी विमाने उभी असत.

ही रचना का झाली, हे समजून घेण्यासाठी १९३० सालच्या लंडन करारापर्यंत मागे जावे लागते. त्या कराराने आठ इंची तोफांच्या क्रूझर किती बांधायच्या, यावर मर्यादा घातली होती आणि जपानच्या वाट्याचा आकडा भरून गेला होता. लहान, म्हणजे १५.५ सेंटिमीटर व्यासाच्या तोफांच्या 'लाइट क्रूझर' मात्र बांधता येत होत्या. 'तोने' आणि तिची धाकटी बहीण 'चिकुमा' यांची आखणी अशा लाइट क्रूझर म्हणूनच झाली. जपानी प्रथेप्रमाणे हेवी क्रूझरला पर्वताचे नाव देत आणि लाइट क्रूझरला नदीचे. म्हणून पुढे आठ इंची तोफा बसल्या तरी 'तोने' हे कांतो प्रदेशातल्या नदीचे नाव तिला कायमचे राहिले. १ डिसेंबर १९३४ रोजी नागासाकीच्या मित्सुबिशी गोदीत तिचा कणा घातला गेला, १९३७च्या नोव्हेंबरमध्ये ती पाण्यात उतरली आणि २० नोव्हेंबर १९३८ रोजी आरमारात दाखल झाली. मधल्या काळात जपान करारांच्या चौकटीतून बाहेर पडला होता, त्यामुळे लहान तोफांऐवजी २०.३ सेंटिमीटरच्या आठ तोफा चार बुरुजांत, जोडीजोडीने, बसवण्यात आल्या.

तिच्या आधीच्या 'मोगामी' वर्गातील नौकांनी जपानी अभियंत्यांना चांगलाच धडा दिला होता. कमी वजनात जास्तीत जास्त शस्त्रे कोंबण्याच्या हट्टापायी त्या नौका डोक्याने जड झाल्या होत्या, वेल्डिंगचे सांधे कच्चे निघत होते, आणि १९३५च्या सप्टेंबरमध्ये सरावावर असलेला जपानी ताफा तुफानात सापडला तेव्हा सांगाड्याच्या मजबुतीचा प्रश्न ऐरणीवर आला. 'तोने'चे बांधकाम चालू असतानाच हा अनुभव आराखड्यात उतरला, आणि माझ्या मते जपानी क्रूझरांमध्ये सर्वांत समतोल अशी नौका त्यातून घडली. सगळ्या तोफा एका ठिकाणी असल्यामुळे खालची दारूकोठारेही एकत्र आली आणि त्यांच्याभोवती कमी वजनात जाड चिलखत घालता आले. तोफा जवळजवळ असल्याने गोळेही फारसे विखरून पडत नसत. आणखी एक कारण अगदी व्यवहारी होते. आठ इंची तोफ उडते तेव्हा तिच्या नुसत्या हवेच्या धक्क्याने जवळच्या विमानाचे पत्रे आणि कापड फाटते. तोफा पुढे आणि विमाने मागे, अशी वाटणी केली की हा प्रश्नच उरत नाही. उणीव एकच राहिली: पाठलाग करणाऱ्या शत्रूवर सरळ मागच्या दिशेने तोफ डागता येत नव्हती. दोनशे मीटरहून थोडी अधिक लांबी, ताशी ३५ सागरी मैलांचा, म्हणजे ३५ नॉटचा, वेग आणि प्राणवायूवर चालणाऱ्या लांब पल्ल्याच्या पाणतीरांसाठी (टॉर्पेडोंसाठी) बारा नळ्या, एवढे सांगितले की तिचे बळ लक्षात येईल.

तिचे खरे काम मात्र तोफेचे नव्हते. जपानी आरमाराची समजूत अशी होती की विमानवाहू नौकांवरील विमाने हल्ल्यासाठी राखून ठेवावीत आणि शत्रू शोधण्याचे काम क्रूझरवरच्या सागरी विमानांनी करावे. म्हणजे 'तोने' ही आरमाराचे डोळे होती. पहाटेच्या अंधारात यंत्रज्ञ विमान रुळांवरून ढकलत नेऊन कॅटापल्टवर चढवत. चालक, निरीक्षक आणि बिनतारी संदेश पाठवणारा अशी तीन माणसे एकामागोमाग बसत. इंजिन पूर्ण वेगाने धडधडू लागले की दारूच्या स्फोटाने कॅटापल्ट सुटे आणि काही टनांचे विमान क्षणात समुद्रावर फेकले जाई. ते परत आले की नौकेशेजारी पाण्यावर उतरे आणि यारीचा आकडा त्यात अडकवून त्याला वर ओढून घेतले जाई. हेलकावणाऱ्या लाटांवर, पंखावर उभे राहून तो आकडा अडकवणाऱ्या माणसाचे नाव इतिहासात येत नाही, पण साऱ्या मोहिमेचे डोळे त्याच्या हातावर अवलंबून असत.

७ डिसेंबर १९४१च्या सकाळी, पर्ल हार्बरवर बॉम्ब पडण्याआधी, 'तोने'च्या विमानाने माउई बेटाजवळचा लाहायना हा नांगरतळ पाहिला आणि तिथे अमेरिकन ताफा नसल्याचे कळवले. 'चिकुमा'च्या विमानाने पर्ल हार्बर पाहिले. पुढे वेक बेट झाले, फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियातले डार्विन झाले, आणि एप्रिल १९४२मध्ये हाच ताफा हिंदी महासागरात, आपल्या दारात येऊन उभा राहिला.

५ एप्रिल हा ईस्टरचा रविवार होता. जपानी विमाने कोलंबोवर तुटून पडली असताना 'तोने'च्या शोधक विमानाला दक्षिणेकडे निघालेल्या दोन ब्रिटिश क्रूझर दिसल्या, 'डॉर्सेटशायर' आणि 'कॉर्नवॉल'. त्या एका संदेशावरून सूर मारणारी बॉम्बफेकी विमाने निघाली आणि दोन्ही नौका काही मिनिटांत बुडाल्या. ४२४ माणसे गेली. अकराशेहून अधिक माणसे दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्यात तरंगत राहिली, तेव्हा कुठे सुटका झाली. ९ एप्रिलला त्रिंकोमालीवर हल्ला झाला आणि 'हर्मिस' ही विमानवाहू नौका बुडाली. ब्रिटिश ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल सॉमरविल यांनी आपला जुना, मंद ताफा आफ्रिकेच्या किनाऱ्यावर धाडला आणि वेगवान ताफा घेऊन ते मुंबईला आले. सागरी विमानातून एका निरीक्षकाने पाहिलेल्या दोन ठिपक्यांशी मुंबई बंदराचा संबंध असा येतो.

दोनच महिन्यांनी पॅसिफिक महासागरात, मिडवे या अमेरिकन बेटाजवळ, लढाई झाली. ४ जूनच्या पहाटे सात शोधक विमाने सोडायची होती. त्यांतले 'तोने'चे चौथ्या क्रमांकाचे विमान साडेचारऐवजी पाच वाजता उडाले. सात वाजून अठ्ठावीस मिनिटांनी त्याने शत्रूच्या दहा नौका दिसत असल्याचे कळवले, परंतु त्यांत विमानवाहू नौका असल्याचा संदेश यायला आठ वाजून वीस मिनिटे झाली. तोवर जपानी विमानवाहू ताफ्याचे सेनापती नागुमो बेटावरील दुसऱ्या हल्ल्यासाठी विमानांवर जमिनीवरचे बॉम्ब चढवण्याच्या आज्ञेत अडकले होते. साडेदहाच्या सुमारास 'आकागी', 'कागा' आणि 'सोर्यू' या जपानी विमानवाहू नौका जळत होत्या, आणि संध्याकाळी 'हिर्यू'चीही तीच गत झाली.

तेव्हापासून त्या अर्ध्या तासावर फार मोठे ओझे टाकले गेले आहे. मला ते अन्यायाचे वाटते. 'चिकुमा'चे एक विमान त्याच सकाळी अमेरिकन ताफ्याच्या जवळून गेले आणि त्याला काहीच दिसले नाही. काही अभ्यासक तर असे दाखवून देतात की 'तोने'चे विमान उशिरा निघाले आणि ठरलेल्या मार्गावरून वळले, म्हणूनच त्याला अमेरिकन नौका दिसल्या. वेळेवर निघून नेमून दिलेल्या रेषेत गेले असते तर त्याच्या हाती बहुधा काही लागले नसते. खरा दोष एवढ्या विशाल समुद्रावर सातच विमाने पाठवणाऱ्या योजनेचा होता. तीन माणसांच्या माथी तो मारणे सोपे होते, इतकेच.

सॉलोमन बेटांच्या लढायांत 'तोने' शाबूत राहिली. तिच्या इतिहासातले सर्वांत काळे पान मात्र लढाईत लिहिले गेले नाही. मार्च १९४४मध्ये व्हाइस ॲडमिरल साकोंजु नाओमासा यांच्या हुकमतीखाली 'आओबा', 'तोने' आणि 'चिकुमा' व्यापारी जहाजे पकडण्यासाठी हिंदी महासागरात आल्या. ९ मार्चला 'तोने'ला 'बेहार' नावाचे ब्रिटिश मालवाहू जहाज सापडले. ते मेलबर्नहून मुंबईकडे निघाले होते आणि त्याच्या खलाशांत हिंदी माणसेही होती. तोफांच्या माऱ्यात जहाज बुडाले. पाण्यातून शंभराहून अधिक माणसे 'तोने'वर ओढून घेण्यात आली.

साकोंजुंचा हुकूम होता की चौकशीपुरती मोजकी माणसे ठेवावीत आणि बाकीच्यांची विल्हेवाट लावावी. 'तोने'चे कप्तान मायुझुमी हारुओ हे तोफखान्यातले नावाजलेले अधिकारी होते. कैद्यांना जीवदान मिळावे म्हणून त्यांनी विनंती केली आणि ती नाकारली गेली. बटेव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, काही जणांना उतरवण्यात आले. त्यांत जहाजाचा कप्तान आणि दोन स्त्री-प्रवासी होत्या. उरलेल्यांना घेऊन 'तोने' सिंगापूरकडे निघाली आणि १८ मार्चच्या रात्री साठाहून अधिक निःशस्त्र माणसांना डेकवर आणून ठार मारण्यात आले. जिथून आरमाराचे डोळे आकाशात झेपावत, तीच ही नौका. मायुझुमींनी विरोध केला होता हे खरे, आणि शेवटी हुकूम त्यांच्याच नौकेवर पाळला गेला हेही तितकेच खरे. युद्धानंतर हाँगकाँगमध्ये खटला चालला. साकोंजुंना १९४८च्या जानेवारीत फाशी झाली, मायुझुमींना सात वर्षांची शिक्षा झाली.

१९४४च्याच ऑक्टोबरमध्ये फिलिपिन्सजवळ, सामार बेटासमोर, 'तोने' अमेरिकेच्या लहान विमानवाहू नौकांचा पाठलाग करीत होती. 'चिकुमा' तिथेच पाणतीर लागून कामी आली. 'तोने' आणि 'हागुरो' शत्रूच्या अगदी जवळ पोहोचल्या असताना जपानी ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल कुरिता यांचा माघारीचा हुकूम आला आणि त्या वळल्या.

१९४५ साली जपानकडे मोठ्या नौका हलवण्याइतके तेल उरले नव्हते. 'तोने'ला कुरे या आरमारी बंदराजवळ, एताजिमाच्या परिसरात, प्रशिक्षणाच्या कामी लावले गेले. ज्या नौकेने दुसऱ्यांना शोधले, तिच्यावर आता जाळी टाकून तिला आकाशापासून लपवावे लागत होते. २४ जुलैला अमेरिकन विमानांनी तिला गाठले, २८ तारखेला पुन्हा. ती किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात तळाला टेकली. पुढे १९४७-४८मध्ये तिला वर काढून कुरे येथे तिचे लोखंड वेगळे करण्यात आले. तिच्या स्मृतीचे एक लहान संग्रहालय एताजिमाला आहे.

मुंबईत मस्जिद बंदरला खलाशांच्या वसतिगृहात एक नामावली जपून ठेवलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या, हिंदी नौदलातील आणि व्यापारी जहाजांवरील सहा हजारांहून अधिक माणसांची ती नावे आहेत. 'बेहार'सारखी जहाजे ज्या बंदराकडे निघाली होती आणि पोहोचली नाहीत, त्याच बंदराच्या गोदीपासून ही वास्तू पायी जाण्याच्या अंतरावर आहे.

नमस्कार.