उणे ३६ गुण: एफसी स्यों आणि नियमांचं पुस्तक

नमस्कार मंडळी. डिसेंबर २०११. स्विस सुपर लीगच्या, म्हणजे स्वित्झर्लंडच्या अव्वल फुटबॉल लीगच्या गुणतक्त्यात एफसी स्यों तिसऱ्या क्रमांकावर आहे, खात्यात ३१ गुण. ३० डिसेंबरला हाच संघ थेट तळाला जातो आणि नावापुढे आकडा दिसतो: उणे ५. मधल्या काळात एकही सामना हरलेला नाही. ३६ गुण कापले गेले, तेही कागदावर. कसे, ते आज बघू.

(स्क्रीनवर: नकाशा, ऱ्होन नदीचं खोरं)

आधी क्लबची ओळख. स्यों ही व्हॅले या स्विस कँटनची, म्हणजे राज्याची राजधानी. फ्रेंच बोलणारं, आल्प्सच्या डोंगरांनी दोन्ही बाजूंनी वेढलेलं शहर. क्लब १९०९ चा, स्टेडियमचं नाव टूर्बियों. लीगची विजेतेपदं फक्त दोन, १९९२ आणि १९९७. पण स्विस कप म्हटलं की गोष्टच वेगळी. १९६५ मध्ये सर्व्हेटला हरवून पहिला कप जिंकला आणि तो धरून २०१५ पर्यंत १३ वेळा फायनल गाठली. तेराही जिंकल्या! यातली सर्वांत भारी २००६ ची: संघ दुसऱ्या श्रेणीत खेळत होता, फायनलमध्ये यंग बॉइजला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवलं. दुसऱ्या श्रेणीतल्या संघाने स्विस कप जिंकण्याची ती पहिलीच वेळ. व्हॅलेच्या झेंड्यावर १३ तारे आहेत, तिथल्या १३ जिल्ह्यांचे. १३ कप झाल्यावर तिथल्या लोकांना किती गुदगुल्या झाल्या असतील, सांगायला नको.

आता या क्लबचा स्वभाव. अध्यक्ष क्रिस्तियां कॉन्स्तांतां, व्यवसायाने आर्किटेक्ट. १९९७ मध्ये यूएफाच्या, म्हणजे युरोपियन फुटबॉल संघटनेच्या यूएफा कपात स्पार्टाक मॉस्कोविरुद्ध स्यों घरी ०-१ हरला होता. मॉस्कोत पोहोचल्यावर त्यांनी काय केलं, तर गोलपोस्ट मोजले. आडवा खांब जमिनीपासून २.४४ मीटरवर हवा, तो कमी उंचीवर होता. सामना २-२ सुटला, म्हणजे दोन सामन्यांच्या बेरजेत स्यों बाहेर. पण तक्रार ग्राह्य धरली गेली आणि यूएफाने सामना पुन्हा खेळवला. निकाल? स्पार्टाक ५, स्यों १. नियम बरोबर होता, फुटबॉल कमी पडला.

मुख्य प्रकरणाची सुरुवात फेब्रुवारी २००८ मध्ये होते. इजिप्तने नुकताच आफ्रिकन कप जिंकलेला. गोलकीपर एसाम एल-हदारीचा कैरोच्या अल-अहलीशी २०१० पर्यंत करार होता. तो मोडून तो स्योंला आला.

इथे फिफाचा, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेचा, तेव्हाचा एक नियम नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. करार केल्यानंतरचा काही काळ ‘संरक्षित’ असायचा: खेळाडू २८ वर्षांच्या आत असताना सही केली असेल तर तीन हंगाम किंवा तीन वर्षं, त्यानंतर केली असेल तर दोन. या काळात खेळाडूने विनाकारण करार मोडला, तर त्याच्यावर बंदी यायची. आणि नव्या क्लबनेच त्याला फितवलं, असं गृहीत धरलं जायचं. तसं नव्हतं हे सिद्ध करणं नव्या क्लबचं काम असायचं. शिक्षा: सलग दोन पूर्ण ट्रान्सफर विंडोंमध्ये, म्हणजे खेळाडू घेण्याच्या ठरावीक काळांत, नवीन खेळाडूंची नोंदणी बंद. तेव्हा उन्हाळी विंडो जास्तीत जास्त १२ आठवड्यांची असायची, हिवाळी ४.

२००९ मध्ये फिफाने हीच शिक्षा दिली. २०१० मध्ये लोझानच्या क्रीडा लवादाने, म्हणजे कॅसने, ती कायम ठेवली. मग वाद सुरू झाला तो मोजणीचा. क्लब म्हणाला, दोन विंडो संपल्या. फिफा म्हणाली, संपलेल्या नाहीत. मधल्या स्थगिती आणि अपिलांमुळे हिशेबाचा पार गुंता झाला होता.

२०११ च्या उन्हाळ्यात क्लबने सहा नवे खेळाडू घेतले. त्यांत बार्सिलोनाचा माजी खेळाडू गाब्री होता, गिनीचा पास्कल फेंदुनोही होता. खेळाडू स्थानिक दिवाणी न्यायालयात गेले: आम्ही कामगार, आमची चूक काय, आम्हाला काम करू द्या. न्यायालयाने अंतरिम आदेश दिला आणि ते मैदानात उतरले. युरोपा लीगच्या पात्रता फेरीत स्योंने स्कॉटलंडच्या सेल्टिकला ग्लासगोत ०-० रोखलं आणि घरी ३-१ हरवलं. त्यातले दोन गोल फेंदुनोचे.

सेल्टिकने तक्रार केली. यूएफाने दोन्ही सामने ३-० असे सेल्टिकला दिले आणि गटातली जागाही.

माझ्या मते क्लबची खरी चूक इथे आहे. अंतरिम आदेश म्हणजे अंतिम निकाल नव्हे, तोपर्यंतची सोय. तो उलटला, तर त्या आदेशावर खेळलेला प्रत्येक सामना अंगाशी येतो. शिवाय संघटनांच्या नियमानुसार वाद कॅसकडे न्यायचा असतो. नेहमीच्या न्यायालयात गेलात की मूळ गुन्ह्यावर दुसरा चढतो. सहापैकी एकालाही न खेळवता खटला लढता आला असता. संघ थोडा दुबळा झाला असता, एवढंच.

१५ डिसेंबरला कॅसने यूएफाच्या बाजूने निकाल दिला. लगेच फिफाने स्विस फुटबॉल संघटनेचीच मान धरली: जानेवारीच्या मध्यापर्यंत स्योंला शिक्षा करा, नाहीतर संपूर्ण संघटना निलंबित. हे किती महागात पडलं असतं? त्याच महिन्यात स्वित्झर्लंडच्याच एफसी बाझेलने मँचेस्टर युनायटेडला बाहेर काढून चॅम्पियन्स लीगची बाद फेरी गाठली होती, पुढे बायर्न म्युनिक उभा होता. संघटना निलंबित झाली असती तर बाझेलही घरी. एका क्लबच्या सहा खेळाडूंसाठी हा धोका कोण पत्करणार? अपात्र खेळाडू खेळवलेल्या सामन्यांमागे ३ या दराने गुण कापले गेले, बेरीज ३६.

(स्क्रीनवर: ३१ − ३६ = −५)

आता योगायोग बघा. जानेवारी २०१२ मध्ये सुपर लीगमधल्याच नशाटेल झामाक्सचा परवाना रद्द झाला आणि क्लब दिवाळखोरीत गेला. खालच्या श्रेणीत थेट जाणाऱ्या संघाची जागा त्यांनी भरली. स्योंच्या वाट्याला ‘बराज’ आला, म्हणजे दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबशी दोन सामन्यांची लढत. समोर आराऊ होता. स्यों जिंकला आणि वाचला.

पुढे २०१५ मध्ये बाझेलला त्यांच्याच मैदानात ३-० हरवून तेरावा कप आला. २०१७ च्या फायनलमध्ये त्याच बाझेलने ३-० ने परतफेड केली, पहिल्यांदाच फायनल गेली. २०२३ मध्ये स्टाड लोझान उशीविरुद्ध बराज हरून संघ खाली गेला, आणि पुढच्याच हंगामात चॅलेंज लीग, म्हणजे दुसरी श्रेणी जिंकून परत वर आला.