तारेनं बांधलेलं झाकण

पृथ्वीपासून ३५,७८६ किलोमीटर उंचीवरचा हा दळणवळण उपग्रह बघा. सौरपट्ट्या शाबूत, अँटेना शाबूत, सिग्नल खणखणीत. तरीही त्याचे दिवस भरलेत, कारण टाकी रिकामी होत आली आहे.

सूर्य आणि चंद्राच्या ओढीनं त्याची कक्षा दरवर्षी थोडी कलते. जागा सोडायची नसेल, तर थ्रस्टर, म्हणजे दिशा सावरणारी छोटी इंजिनं, पेटवत राहावी लागतात. साधारण पंधरा वर्षांत इंधन संपत येतं. मग उरल्यासुरल्या इंधनावर त्याला आणखी तीनशेएक किलोमीटर वर ढकलतात आणि कायमचं बंद करतात. धडधाकट यंत्र असं टाकून द्यायचं, हे मनाला पटत नाही.

मग वरच इंधन का भरू नये?

आता जरा जवळून पाहू. उड्डाणापूर्वी टाकी भरली की झडप बंद करतात. त्यावर टोपण आवळतात. ते सैल होऊ नये म्हणून तारेनं बांधतात आणि वरून उष्णतारोधक आवरण चढवतात. हे पुन्हा कधी उघडायचं आहे, असा विचारच त्यात नसतो. जानेवारी २०१३ मध्ये अंतराळ स्थानकाबाहेर डेक्स्टर या यंत्रमानवानं नमुन्यादाखल बसवलेली अशी झडप उघडली. तार जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची, आणि हात चालवणारी माणसं खाली जमिनीवर! शेवटी १.७ लिटर इथेनॉल आत गेलं. आकडा लहान आहे, पण त्यामागची चिकाटी थक्क करणारी आहे.

तोंडाला तोंड आधीच जुळवलेलं असेल, तर काम कितीतरी सोपं होतं. प्रोग्रेस या सोव्हिएत मालवाहू यानानं १९७८ मध्येच सॅल्यूट-६ स्थानकात इंधन भरलं होतं. २००७ मध्ये ऑर्बिटल एक्स्प्रेस मोहिमेत तर दोन यानांनी आपापसांत हायड्राझिन या इंधनाची देवाणघेवाण केली, तीही स्वयंचलित.

डेपोची कल्पना इथूनच पुढे जाते. इंधनानं भरलेली टाकी कक्षेतच थांबून राहील आणि गरजू उपग्रहापर्यंत इंधन पोहोचवलं जाईल. पण वजनरहित अवस्थेत द्रव तळाशी बसत नाही. वायूचे बुडबुडे आणि द्रवाचे गोळे एकमेकांत मिसळून तरंगतात. म्हणून टाकीत लवचिक पडदा बसवतात किंवा पातळ पात्यांच्या आधारानं, पृष्ठताणाच्या जोरावर, द्रव तोंडाशी आणतात. द्रवरूप हायड्रोजनसारखं अतिथंड इंधन असेल, तर ते सतत उकळून उडून जातं, ही आणखी एक डोकेदुखी.

जून २०२१ मध्ये टेन्झिंग नावाचा छोटा टँकर हायड्रोजन पेरॉक्साइड घेऊन कक्षेत गेला. आता काही नवे उपग्रह इंधन भरण्याचं तोंड बसवूनच घडवले जात आहेत. त्यांच्याआधी वर गेलेल्या शेकडो उपग्रहांची टोपणं मात्र अजून तारेनं बांधलेलीच आहेत.